पन्नासाव्या नियमाचं निमित्त

तर तो खिडकीतून आत आला, इथपर्यंत आपण आलो होतो. दुसरी घंटा होऊन गेली होती, तळमजल्यावरच्या आमच्या तेव्हाच्या वर्गाचं दार बंद होतं, भूगोलाच्या बाई नकाशा टांगत होत्या, आणि मागच्या खिडकीतून आधी एक दप्तर पडलं, मग एक चप्पल, मग आमचा हा. बाई वळून बघतात तर हा बाकावर वही उघडून बसलेला, जणू जन्मल्यापासून तिथेच आहे! पण दुसरी चप्पल बाहेर राहिली होती. बाईंनी त्याच्या अनवाणी पायाकडे पाहिलं आणि त्याला सरळ हेडसरांकडे नेलं. हेडसरांनी नियमांचा फलक वरपासून खालपर्यंत वाचला. दोनदा वाचला. दारातून उशिरा येऊ नये असं होतं. खिडकीचं कुठे काही नव्हतं.

“सर, मी दारातून आलोच नाही,” हा म्हणाला.

झालं! दुसऱ्या दिवशी फलकावर एक्केचाळिसावा नियम आला: वर्गात खिडकीतून येऊ नये. आणि तिसऱ्या दिवशी लगेच बेचाळिसावा: खिडकीतून बाहेरही जाऊ नये.

हसू नका, शपथेवर सांगतो. मी त्याच्या शेजारीच बसत होतो.

मी खेड्यातल्या शाळेतून या हायस्कुलात आलेला. आमच्या खेड्यातल्या शाळेत नियम एकच होता: या. आलात की गुरुजी खूश. इथे मात्र आत शिरलं की समोर पुरुषभर उंचीचा काळा लाकडी फलक, त्यावर पांढऱ्या अक्षरांत चाळीस नियम. नखं कापावीत. डाव्या बाजूने चालावं. शाई झटकू नये. बाकावर नाव कोरू नये, दुसऱ्याचंही. पहिल्या दिवशी मी तोंड उघडं टाकून वाचत उभा राहिलो, वाचता वाचता दुसरी घंटा झाली, आणि नियम वाचण्याच्या नादात माझ्याकडून सातवा नियम मोडला!

आता या फलकाची गंमत ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. फलकावरचा नियम मोडला तर शिक्षा ठरलेली: तो नियम शंभर वेळा लिहायचा. पण फलकावर नसलेलं काही केलं तर? शिक्षा नाही. हेडसर न्यायाचे पक्के. जे आधी सांगितलं नाही त्याची शिक्षा कशी करणार? त्याऐवजी नवा नियम व्हायचा. ड्रॉइंगचे मास्तर शिडी घेऊन यायचे, ब्रश ओला करायचे, आणि हेडसर कपाटातून कापडी पुठ्ठ्याची जाडजूड नियमवही काढून तिचे तीन रकाने भरायचे: क्रमांक, नियम, निमित्त. निमित्त म्हणजे ज्याच्यामुळे प्रसंग उभा राहिला त्याचं नाव.

“नियम आकाशातून पडत नाहीत,” हेडसर म्हणायचे. “प्रत्येकाला कुणीतरी निमित्त होतं. त्याचं नाव राहिलं पाहिजे.”

फलक चाळिसाला भरला होता. आमच्या या दोस्तासाठी खाली एक नवी फळी ठोकावी लागली, आणि त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं पुरवणी. पुढे मास्तरसुद्धा हजेरी घेताना चुकून ‘पुरवणी’ म्हणायचे आणि जीभ चावायचे.

पोरगा वाईट मुळीच नव्हता. खोटं बोलत नसे, कुणाची वस्तू घेत नसे. फक्त त्याच्या डोक्यात कल्पना यायची आणि पाय तिच्यामागे निघायचे, मध्ये कुणी विचारायला नाही. व्यायामशाळेतला दोर त्याने विहिरीत पडलेली बादली काढायला नेला, त्रेचाळिसावा. सभागृहाच्या पत्र्यावर चेंडू गेला म्हणून हा वर गेला, चव्वेचाळिसावा. ‘चेंडू गेला असला तरीही’ हे शब्द खास त्याच्यासाठी. सभागृहातलं जाजम त्याने पायऱ्यांवर अंथरलं आणि वरून बसून खाली आला, पंचेचाळिसावा. मग वर्गातला सुटा फळा खुंट्यांवरून उतरवून बाकाला तिरका टेकवला आणि घसरगुंडी केली. मीही घसरलो, का खोटं बोलू! शेचाळिसावा. शिपाईमामांना शिंक आली म्हणून घंटा याने वाजवली, सत्तेचाळिसावा.

अठ्ठेचाळिसाव्याची गोष्ट वेगळीच. आमच्या ड्रिलच्या सरांचा आवाज असा की मैदानात ‘सावधान’ म्हटलं की रस्त्यावरची माणसंही ताठ व्हायची. पोरं त्यांना पाठीमागे ‘तोफ’ म्हणत. याने समोर म्हटलं. म्हणून नियम: ड्रिलच्या सरांना टोपणनावाने हाक मारू नये, हळू आवाजातही.

आणि एकोणपन्नासावा माझ्यामुळे. म्हणजे निमित्त तोच, पण दोराला बांधलेला मुलगा मी होतो. “बघू या, सुटतोस का,” तो म्हणाला आणि मी हो म्हटलं. नाही सुटलो. इतिहासाचा तास मी खांबाला बांधलेल्या अवस्थेत ऐकला. ‘कुणाला दोराने बांधू नये, त्याची संमती असली तरीही.’ ती संमती माझी!

या एकोणपन्नासाव्याला हेडसरांनी त्याच्या आईला बोलावलं.

आई एका शिंप्याकडच्या कपड्यांची काजं घरी बसून करायची. खांद्यावर कापडात खोचलेली सुई तशीच घेऊन आली. वडील नव्हते. मी दाराबाहेर कान लावून उभा.

“बाई, तुमचा मुलगा चांगला आहे,” हेडसर म्हणाले, “पण त्याला फलक पुरत नाही.”

“घरसुद्धा पुरत नाही हो, सर.”

“शालान्त परीक्षेला तीन महिने आहेत. मी आज स्पष्ट सांगतो. पन्नासावा नियम जर याच्या निमित्ताने लिहावा लागला, तर त्याच दिवशी हजेरीपटावरून याचं नाव कमी. मग परीक्षा नाही.”

आई म्हणाली, “आमच्या घरातल्या कुणी त्या परीक्षेच्या खोलीत आजवर पाऊल टाकलेलं नाही, सर. याने तेवढं टाकू दे. मग तुम्ही म्हणाल तिथे त्याला पोत्यात घालून पाठवते.”

बाहेर आल्यावर दोघांचं बोलणं असं झालं:

“आई, नवीन काही सुचलं तर काय करू?”

“जुनंच कर.”

“आणि जुन्याचा कंटाळा आला तर?”

“तर अभ्यास कर! तो कुठे मना आहे फलकावर?”

आणि खरंच, तीन महिने पोराने नवीन म्हणून काही केलं नाही. हात शिवशिवले की आधी फलकाकडे जायचा, बोट लावून वाचायचा, आणि आपल्याला हवं ते त्यात सापडलं तरच करायचा! मग शंभर ओळी. लिहून लिहून त्याचं अक्षर असं सुधारलं की आमच्या वहीवर नाव घालायला आम्ही त्याच्याकडे जायचो. एकोणपन्नास नियम त्याला उलटे पाठ होते.

नियमांची आणि निमित्तांची ही सवय त्याची जन्मभर टिकली. एका मोठ्या कारखान्यात त्याने हयात काढली, काम सुरक्षेचं. ‘चालू पट्ट्याजवळ सैल बाही नको’, ‘टोपीशिवाय आत येऊ नये’, असल्या लाल पाट्या लावायच्या. पण नव्या कामगाराला हा पाटी वाचून दाखवत नसे. पाटीखाली उभं करून सांगायचा, “ही आपल्या रंगाऱ्याची बाही. ही फिटरभाऊंचा अंगठा. ते कँटीनमध्ये भेटतील, विचारून बघ.” मग त्या पाटीकडे दुर्लक्ष करायची कुणाची छाती होणार? आता तो माझ्यापासून तिसऱ्या गल्लीत राहतो, नातवंडांना ओरडतो आणि मी त्याला हसतो. पण त्या कारखान्याच्या फाटकापर्यंत हा पोचला कसा, तीच तर गोष्ट आहे. बसा नीट.

परीक्षेला आठ दिवस उरले होते आणि त्या दिवशी निरीक्षकसाहेब येणार होते. अकरा वाजता. शाळा अशी घासूनपुसून काढलेली की पाय ठेवायला भीती वाटावी. शिपाईमामा साहेबांना आणायला स्टेशनवर गेलेले. आणि हेडसरांचं लक्ष गेलं वर, सभागृहाच्या टोकाला असलेल्या मनोऱ्यावर. घड्याळ बंद! वेळेवर या म्हणून सांगणाऱ्या शाळेचं घड्याळ सव्वाचारला झोपलेलं! हेडसर कुणाला न सांगता, कोट काढून, एकटे मनोऱ्यात शिरले.

साडेदहाला आतून असा आवाज आला की कपाट जिन्यावरून लोटलं असावं. आतली लाकडी शिडी कुजलेली होती. सर वर पोचले, घड्याळाजवळच्या फळ्या पायाखालून गेल्या, शिडी खाली गेली. सरांनी कसाबसा छोट्या दाराचा उंबरठा पकडला. मनोऱ्याला बाहेरच्या बाजूला, सभागृहाच्या पत्र्यापासून दीड पुरुष उंचीवर, तेल घालायला येणाऱ्या माणसासाठी एक दार होतं. त्याच्या उंबरठ्यावर आमचे हेडसर, एक पाय आत, एक पाय बाहेर, घोड्यावर बसल्यासारखे! चष्मा खाली आला, सर वर राहिले. आणि चष्म्याशिवाय सरांना स्वतःचा हात दिसत नसे.

सगळी शाळा मनोऱ्याखाली जमली. मास्तर ओरडतायत, पोरं ओरडतायत, एक जण म्हणतो शिडी आणा, दुसरा म्हणतो शिडी आत मोडली, ड्रॉइंगच्या मास्तरांची शिडी फलकापुरती. गणिताचे मास्तर मदत आणायला सायकलवर गेले. तेवढ्यात उंबरठ्याखालची एक वीट सुटली आणि पत्र्यावरून गडगडत पोरांपासून हातभरावर येऊन फुटली. “मागे व्हा!” ड्रिलचे सर गरजले. कोण मागे होतंय! सगळ्यांना बघायचं होतं.

मी पुरवणीला शोधतो, तर हा पळत सुटलेला! मनोऱ्याकडे नाही हो, उलट्या दिशेने. मी मागे धावलो. हा फलकासमोर उभा, बोट फळीवर.

“अरे, सर पडतील आणि तू वाचतोस काय?”

“थांब. खिडकी आहे. पत्रा आहे. दोर आहे. फळा आहे, जाजम आहे...” त्याचे डोळे असे चमकले की मला खांबाची आठवण झाली. “सगळं आहे रे! सगळं जुनंच आहे!”

आणि मग जे सुरू झालं ते या म्हाताऱ्याला आजही झोपेतून उठवून विचारा!

पहिल्यांदा घंटा. त्याने दोरी धरून ठणाठणा वाजवली, सत्तेचाळीस. आणि काय सांगू, ज्या गर्दीला ड्रिलच्या सरांचा आवाज हलवू शकला नाही ती घंटेसरशी वळली, रांगा लावल्या आणि डाव्या बाजूने आपापल्या वर्गात गेली! भूगोलाच्या बाईसुद्धा गेल्या. दारात पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पण मनोऱ्याखालची जागा मोकळी झाली होती, आणि पुढच्या दोन विटा पडल्या त्या रिकाम्या जमिनीवर.

“तोफ! दोर!” हा ओरडला.

“अठ्ठेचाळीस!” ड्रिलचे सर सवयीने ओरडले.

“शंभर वेळा लिहितो, सर! आधी दोर!”

दोर आला. फळा आम्ही खुंट्यांवरून उतरवला. जाजम दोघांनी गुंडाळून आणलं. आमचा वर्ग आता वरच्या मजल्यावर, त्याची खिडकी सभागृहाच्या पत्र्यावर उघडायची. दोराचं एक टोक त्याच्या कमरेला मी बांधलं, हो, मी, स्वतःच्या हाताने, आणि गाठ मारताना म्हटलं, “एकोणपन्नास. शंभर ओळी माझ्या.” दुसरं टोक ड्रिलच्या सरांनी आपल्या पोटाला गुंडाळलं आणि बाकाला पाय लावून बसले. उंचीची त्यांना भीती, पण त्या पोटाला कुणी ओढून नेईल ही भीती नव्हती.

खिडकीतून तो पत्र्यावर उतरला. जाजम ओढत नेलं, पत्र्यावर पसरलं, पाय घसरू नये म्हणून. मी मागून फळा सरकवत गेलो. पत्रा तापलेला, खाली बघू नको असं स्वतःला बजावतोय आणि बघतोय! फळा उंबरठ्याला तिरका टेकवला, खालचं टोक जाजमावर मी छातीने दाबून धरलं, आणि हा चार पायांवर चढून वर सरांपर्यंत पोचला.

“कोण?” सरांनी डोळे किलकिले करून विचारलं.

“मी, सर. पुरवणी.”

“कुठून आलास?”

“खिडकीतून, सर. बेचाळीस. मग पत्र्यावरून, चव्वेचाळीस. तुम्ही आता फळ्यावर बसून खाली घसरा. शेचाळीस.”

“मला फळा दिसत नाही रे,” सर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज मला बारीक वाटला. “पाय कुठे टाकू तेच दिसत नाही.”

उंबरठा करकरला. पुरवणीने पुढे केलेला हात मागे घेतला. मला खालून त्याचा चेहरा दिसत होता, उतरलेला.

“अरे, उचल त्यांना! पाठीवर घे!” मी ओरडलो.

“ते फलकावर नाही,” तो म्हणाला. मग सरांना म्हणाला, “सर, तुम्हाला पाठुंगळीला घ्यावं लागेल. ते फलकावर नाही.”

वाऱ्याने पत्रा वाजत होता. हेडसर उंबरठ्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेले, आतल्या बाजूला खाली तीन पुरुष खोली. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बाळा, नियम गेला खड्ड्यात, मला उतरव. पण आमचे हेडसर!

“नाही,” ते म्हणाले. “नाही रे फलकावर. आणि मी तुला खोटं आश्वासन देणार नाही. नवीन घडलं की नियम लिहावाच लागतो.”

“माहीत आहे, सर.”

तो क्षणभर खिडकीच्या पलीकडे कुठेतरी बघत राहिला. त्याच्या घराची बाजू तीच. मग वळला, सरांकडे पाठ केली आणि म्हणाला, “या. फक्त गळा आवळू नका.”

आमच्या सरांचं वजन त्यांच्या शब्दाएवढंच होतं. पुरवणी त्यांना घेऊन फळ्यावरून उतरू लागला. एक वीत, दोन वीत. मधेच सरकला! मी डोळे मिटून फळा दाबला, खिडकीतून ड्रिलचे सर “ओढ!” म्हणून असे गरजले की पत्रा हादरला, आणि ते दोघे फळ्यावरून सुर्रकन येऊन जाजमावर माझ्या अंगावर आदळले. हेडसर आमच्या दोघांच्या मधे. त्यांच्या पहिल्या शब्दांनी मला कळलं की सर सुखरूप आहेत. ते म्हणाले, “शर्ट आत खोचा. सहावा नियम.”

खिडकीतून आम्ही वर्गात शिरलो, आधी सर, मग तो, मग मी. एक्केचाळीस! नऊच्या नऊ झाले, एकही सुटला नाही. वर्गाने जो जल्लोष केला त्याला फलकावर नियम होता, पण त्या दिवशी कुणी लिहून घेतला नाही. आणि खाली फाटकात शिपाईमामांच्या शेजारी निरीक्षकसाहेब टोपी हातात घेऊन उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे.

दुपारी हेडसरांच्या खोलीत बोलावणं आलं. मीही गेलो, शंभर ओळींचा धनी म्हणून. आई आली, बोटातलं अंगुस्तान काढायलाही थांबली नव्हती. कोपऱ्यात निरीक्षकसाहेब. हेडसरांच्या डोळ्यांवर एका काचेला तडा गेलेला चष्मा, आणि समोर नियमवही उघडी.

“आज तू आठ नियम मोडलेस, नववा तुझ्या मित्राने,” हेडसर म्हणाले.

“हो, सर. आठशे ओळी.”

“आणि एक गोष्ट केलीस जी फलकावर नाही. माझा जीव वाचवलास. पण मी तीन महिन्यांपूर्वी तुझ्या आईला एक शब्द दिला आहे.”

“मुख्याध्यापक, निदान आजच्या दिवशी तरी...” साहेब म्हणाले.

“साहेब, माझ्या सोयीसाठी पद्धत मोडली तर उद्या या मुलांना कोणत्या तोंडाने सांगू? नवीन प्रसंग घडला, नियम झालाच पाहिजे.”

आई पुढे झाली. डोळे भरलेले, पण आवाज खणखणीत. “लिहा, सर. माझ्या लेकाने केलं ते बरोबर केलं. फक्त हात थरथरू देऊ नका, वहीतलं अक्षर बिघडेल.”

हेडसरांनी टाक दौतीत बुडवला. पहिल्या रकान्यात लिहिलं: पन्नास. आणि थांबले. टाकाच्या टोकावर शाई जमली, पुसली, पुन्हा जमली.

“शब्द सुचत नाहीत,” ते अखेर म्हणाले. “पाठीवर घेऊ नये असं लिहू? कसं लिहू? तुला सगळे नियम पाठ आहेत. तूच सांग, काय लिहू?”

पुरवणीने मान वाकडी करून वही आपल्या बाजूने वाचली. तिसऱ्या रकान्यात ओळीने नऊ वेळा त्याचंच नाव होतं. त्या रकान्याचं शीर्षक त्याने पुन्हा एकदा नीट पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि अगदी हजेरी देतात तशा आवाजात म्हणाला:

“लिहा सर, ‘मुख्याध्यापकांनी मनोऱ्यावर चढू नये, घड्याळ बंद असलं तरीही.’ आणि निमित्ताच्या रकान्यात तुमचं नाव घाला.”